पोस्टग्रेस सर्व्हरशी कनेक्शन होत नाही तेव्हा: संदेशावरून बिघाडाची जागा शोधणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या कार्यालयातील ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस आजवर एकाच लिनक्स मशीनवर चालत होते. आता डेटाबेस स्वतंत्र मशीनवर, वेगळ्या नेटवर्क सेगमेंटमध्ये हलवला आहे. हलवल्यावर ॲप्लिकेशन सर्व्हरवर आधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश येत होता. काही सेटिंग बदलल्यावर तो जाऊन 'कनेक्शन टाइम्ड आउट' येऊ लागला. कोल्हापूरच्या शाखेतील मंडळी अहवालाच्या सॉफ्टवेअरने व्हीपीएनवरून थेट डेटाबेसला जोडतात. त्यांचे कनेक्शन होते, लहान अहवाल निघतात, पण मोठा अहवाल मध्येच अडकतो. शिवाय जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली क्वेरी बराच वेळ लटकून शेवटी अपयशी ठरते. पिंग (मशीन उत्तर देते का हे पाहणारी साधी चाचणी) सगळीकडून चालतो. तेव्हा फायरवॉल काही वेळ पूर्ण बंद करून पाहावी का, असे आपण विचारले आहे.

फायरवॉल बंद करू नये. आपण वर्णन केलेला प्रकार एकच बिघाड नसून निदान तीन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाने आपली जागा संदेशातून किंवा वागण्यातून आधीच सांगितली आहे. फायरवॉल बंद केल्याने त्यांतला कदाचित एक तात्पुरता दिसेनासा होईल, दुसऱ्या दोघांना धक्काही लागणार नाही, आणि तेवढ्या वेळात ग्राहकांची माहिती असलेला डेटाबेस उघडा राहील.

सुरुवात संदेशांपासून करू, कारण 'कनेक्ट होत नाही' असे एकच वाक्य मनात धरून बसल्यामुळे सर्वाधिक वेळ वाया जातो. डेटाबेसची देवाणघेवाण ज्या टीसीपी प्रोटोकॉलवर चालते, त्याचे कनेक्शन सुरू होताना क्लायंट सिन नावाचे पॅकेट पाठवतो, सर्व्हर सिन-ॲक उत्तर देतो आणि क्लायंट ॲक पाठवून जोडणी पूर्ण करतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' याचा अर्थ असा, की सिन त्या पत्त्याच्या मशीनपर्यंत पोहोचले आणि तिथून तत्काळ रीसेट (कनेक्शन नाकारणारे पॅकेट) परत आले. म्हणजे रस्ता बरोबर आहे, मशीन चालू आहे, पण त्या पत्त्यावर आणि त्या पोर्टवर (म्हणजे सेवेच्या त्या क्रमांकावर) कोणी ऐकत नाही. (क्वचित एखादी फायरवॉल मुद्दाम रीसेट पाठवण्यासाठी लावलेली असते, पण तो अपवाद आहे.) 'टाइम्ड आउट' याचा अर्थ कोणतेच उत्तर आले नाही: सिन वाटेत कोणीतरी टाकून दिले, किंवा त्याचे उत्तर परतीच्या वाटेवर हरवले. लिनक्सवर सिन पुन्हा पाठवण्याची मूळ मर्यादा ६ आहे, आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा अवधी दुप्पट होत जातो. त्यामुळे १, २, ४ असे करत ६४ सेकंदांपर्यंत वाट पाहून एकूण १२७ सेकंदांनी हा संदेश येतो. आपला संदेश साधारण दोन मिनिटांनी येत असेल, तर तो याच जातीचा आहे. तो ५ किंवा १० सेकंदांत येत असेल, तर ती मुदत ड्रायव्हरमध्ये (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) किंवा कनेक्शन पूलमध्ये (उघडी कनेक्शने राखून पुन्हा वापरणाऱ्या भागात) कोणीतरी ठरवून दिलेली आहे.

तिसरा संदेश 'नो रूट टू होस्ट' हा, आणि तो फार फसवतो. शब्द वाचून माणूस राउटिंग टेबल तपासायला धावतो, परंतु रेड हॅट परिवारातील लिनक्सवर फायरवॉलडी ही फायरवॉलची सेवा ज्या पोर्टला परवानगी नाही त्याचे पॅकेट गुपचूप टाकत नाही. 'प्रशासकीय मनाई' अशा अर्थाचे उत्तर ती आयसीएमपीने (नेटवर्कचे सूचना-संदेश वाहणाऱ्या प्रोटोकॉलने) परत पाठवते, आणि क्लायंटचे लिनक्स त्याचे रूपांतर नेमके याच शब्दांत करते. त्यामुळे पिंग चालत असताना 'नो रूट टू होस्ट' दिसले, तर आधी डेटाबेस सर्व्हरवरील फायरवॉलडीमध्ये ५४३२ हे पोस्टग्रेसचे मूळ पोर्ट उघडे आहे का ते पाहावे. त्याच सबनेटमधील बंद मशीनचा किंवा चुकीचा पत्ता दिला तरी हाच संदेश येतो, पण तेव्हा पिंगही चालत नाही.

'फेटल' या शब्दाने सुरू होणारा कोणताही संदेश मात्र स्वतः पोस्टग्रेसने पाठवलेला असतो. पासवर्ड चुकला, पीजी_एचबीए या प्रवेश-नियमांच्या फाइलमध्ये नोंद नाही, क्लायंटची संख्या फार झाली, असे काहीही त्यात असले, तरी नेटवर्कचे काम त्या क्षणी पूर्ण झालेले आहे. तिथून पुढे राउटर, केबल, फायरवॉल यांच्याकडे वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

पिंगविषयी एवढेच सांगतो, की पिंग आयसीएमपी वापरतो आणि डेटाबेस टीसीपी. पिंग चालला म्हणून ५४३२ उघडे असल्याचे सिद्ध होत नाही, आणि पिंग बंद असला म्हणून मशीन बंद असल्याचेही सिद्ध होत नाही. क्लाउडमध्ये तर अनेक ठिकाणी आयसीएमपी मुळातच अडवलेले असते. पोर्टची चाचणी पोर्टवरच करावी: एनसी किंवा टेलनेट, आणि त्याहून चांगली म्हणजे पोस्टग्रेससोबत येणारी पीजी_इझरेडी. तिचा निर्गमन संकेत ० आला तर सर्व्हर कनेक्शन स्वीकारत आहे, १ आला तर सर्व्हर पोहोचता येण्याजोगा आहे पण सध्या नकार देतो आहे (उदाहरणार्थ तो नुकताच सुरू होत आहे), २ आला तर उत्तरच नाही. तिला पासवर्ड लागत नाही. टेलनेट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: मायएसक्यूएलला जोडले की सर्व्हर स्वतःहून आधी बोलतो आणि आवृत्तीचा आकडा पडद्यावर दिसतो, पोस्टग्रेस क्लायंटने आधी बोलण्याची वाट पाहते, म्हणून कोरा पडदा दिसला तरी पोर्ट उघडे आहे असेच समजावे.

आता आपल्या पहिल्या बिघाडाकडे. 'रिफ्यूज्ड' येण्याचे कारण जवळजवळ निश्चितपणे लिसन_ॲड्रेसेस हे सेटिंग होते. त्याचे मूळ मूल्य लोकलहोस्ट असते. म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनवरून येणाऱ्या कनेक्शनसाठी ऐकतो. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकत्र असताना ते कधी जाणवत नाही, वेगळे केल्यावर पहिल्याच दिवशी जाणवते. डेटाबेस सर्व्हरवर एसएस ही (कोणत्या पोर्टवर कोण ऐकते ते दाखवणारी) कमांड एल, टी, एन आणि पी या पर्यायांसह चालवावी. ५४३२ च्या आधी १२७.०.०.१ दिसत असेल, तर बाहेरून येणाऱ्याला रीसेटच मिळणार. त्या जागी ०.०.०.० किंवा सर्व्हरचा खरा पत्ता दिसला पाहिजे.

इथे तीन गोष्टी लोकांना अडवतात. पहिली म्हणजे हे सेटिंग रीलोडने लागू होत नाही, त्यासाठी रीस्टार्टच करावा लागतो. रीलोड केल्यावर लॉगमध्ये तशी ओळ पडते आणि पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधील पेंडिंग_रीस्टार्ट हा स्तंभ खरा होतो, पण लॉग उघडूनच पाहिला नाही तर फाइलमध्ये बरोबर मूल्य आणि वागणे मात्र जुने, अशी कोंडी होते. दुसरी म्हणजे कोणीतरी पूर्वी 'ऑल्टर सिस्टीम' या आज्ञेने मूल्य ठरवले असेल, तर ते वेगळ्या 'ऑटो' फाइलमध्ये असते आणि मुख्य फाइलवर मात करते. म्हणून फाइल वाचण्याऐवजी चालू सर्व्हरलाच 'शो' या आज्ञेने विचारावे: लिसन_ॲड्रेसेस काय आहे, पोर्ट काय आहे, कॉन्फिग फाइल कोणती आहे. डेबियन आणि उबुंटूवर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवली, की नव्या क्लस्टरला पुढचे मोकळे पोर्ट मिळते, बहुधा ५४३३; मग माणूस एका आवृत्तीची फाइल संपादित करत राहतो आणि दुसरीला जोडत राहतो. तिसरी गोष्ट उशिरा उमगते. लिसन_ॲड्रेसेसमध्ये लोकलहोस्टसोबत विशिष्ट पत्ता दिला असेल आणि मशीन रीबूट होताना पोस्टग्रेस नेटवर्कच्या आधी सुरू झाले, तर तो पत्ता त्या क्षणी अस्तित्वातच नसतो. पोस्टग्रेस लॉगमध्ये इशारा लिहून लोकलहोस्टवर सुरू होते आणि तसेच राहते. सर्व्हर चालू, स्थानिक कनेक्शन ठीक, बाहेरून मात्र नकार. अशा वेळी सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये नेटवर्क-ऑनलाइन या टप्प्यानंतर सुरू होण्याची अट घालावी.

आपल्याकडे संदेश 'टाइम्ड आउट' झाला, म्हणजे सर्व्हरच्या वागण्यात किंवा वाटेत खरोखर काही बदलले. आता पॅकेट कुठे हरवते हे पाहायचे आहे आणि त्यासाठी येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडंपइतके निर्विवाद साधन नाही. डेटाबेस सर्व्हरवर पोर्ट ५४३२ चा माग लावून ठेवावा आणि ॲप्लिकेशन सर्व्हरवरून एक कनेक्शन करून पाहावे. सिन दिसलेच नाही, तर डेटाबेस सर्व्हर निर्दोष आहे. अडथळा दोन सेगमेंटच्या मधल्या फायरवॉलमध्ये, क्लाउडच्या सुरक्षा नियमांत किंवा नावाचा पत्ता चुकीचा निघण्यात आहे. सिन दिसते पण सिन-ॲक निघत नाही, तर पॅकेट मशीनच्या दारात पोहोचून आतल्या फायरवॉलने टाकलेले असू शकते, कारण येणारे पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसते. हे माहीत नसल्यामुळे 'पॅकेट तर आले, म्हणजे फायरवॉल ठीक आहे' असा उलटा निष्कर्ष बरेच जण काढतात. सिन-ॲक निघते पण क्लायंट पुन्हा पुन्हा सिनच पाठवतो, तर परतीची वाट तुटलेली आहे.

आपल्या मशीनला दोन नेटवर्क कार्डे आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून या शेवटच्या शक्यतेकडे मी विशेष लक्ष देईन. सिन एका कार्डावरून आत येते, पण राउटिंग टेबलनुसार उत्तर दुसऱ्या कार्डावरून बाहेर पडते. वाटेतल्या ज्या फायरवॉलने मूळ सिन पाहिलेले नाही, तिला हे उत्तर अनोळखी वाटते आणि ती ते टाकून देते. याचीच दुसरी बाजू म्हणजे लिनक्सचे आरपी_फिल्टर: ते १ वर असेल, तर ज्या कार्डावरून उत्तर परत जाणार नाही त्या कार्डावर आलेले पॅकेट कर्नल स्वतःच टाकतो, आणि त्याचा पत्ता फायरवॉलच्या नियमांत कुठेच लागत नाही. 'आयपी रूट गेट' या कमांडला ॲप्लिकेशन सर्व्हरचा पत्ता देऊन उत्तर कोणत्या कार्डावरून जाणार हे विचारावे. सिन ज्या कार्डावर आले त्याहून ते वेगळे निघाले, तर दोष सापडला. त्या सेगमेंटसाठी नेमका रूट लिहिणे हा सरळ उपाय आहे. आरपी_फिल्टर सरसकट बंद करणे हा नव्हे.

सिन पोहोचतच नसेल, तर मधल्या फायरवॉलच्या व्यवस्थापकाला 'डेटाबेस चालत नाही' असे कळवू नये. स्रोताचा पत्ता, गंतव्याचा पत्ता, टीसीपी ५४३२ आणि सेकंदापर्यंतची वेळ असे लिहून द्यावे. तेवढ्यावर त्यांना स्वतःच्या लॉगमध्ये नोंद सापडते आणि वाद होत नाही. नियम मागतानाही केवळ ॲप्लिकेशन सर्व्हरचा पत्ता आणि व्हीपीएनमधील अहवालाच्या मशीनचे पत्ते मागावेत. क्लाउडमध्ये असाल तर एक फरक ध्यानात असू द्या: ॲमेझॉनचे सुरक्षा गट आलेल्या कनेक्शनची आठवण ठेवतात आणि परतीचा मार्ग आपोआप मोकळा करतात; सबनेटला लागणारी नेटवर्क एसीएल ही नियमांची यादी तशी आठवण ठेवत नाही. तिच्यात ५४३२ आत येऊ दिले तरी उत्तर ज्या तात्पुरत्या पोर्टकडे जाते ती पोर्टे (लिनक्सवर मुळात ३२७६८ ते ६०९९९) बाहेर जाण्यासाठी वेगळी उघडावी लागतात.

नावाचा पत्ता चुकीचा निघणे हे सर्व्हर हलवल्यानंतरचे फार साधे आणि फार वेळा आढळणारे कारण आहे. एनएसलुकअप किंवा डिग थेट डीएनएसला विचारतात आणि होस्ट्स फाइल पाहतच नाहीत. ॲप्लिकेशन मात्र ती आधी पाहते. म्हणून गेटएंट होस्ट्स ही कमांड वापरावी. जुन्या मशीनचा पत्ता होस्ट्स फाइलमध्ये राहून गेला असेल, तर तो इथे दिसेल. डॉकरमध्ये चालणाऱ्या ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' ठेवलेला असेल, तर त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः असा होतो, हेही तपासून घ्यावे.

चाचणी कुठून आणि कोणाच्या नावाने करता यालाही महत्त्व आहे. आपल्या लॅपटॉपवरून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) जोडले गेले, तर फक्त लॅपटॉपची वाट मोकळी असल्याचे कळले. चाचणी ॲप्लिकेशन सर्व्हरवरूनच करावी, आणि शक्यतो ॲप्लिकेशन ज्या युजरखाली चालते त्याच युजरने. रेड हॅट परिवारातील मशीनवर याचे खास कारण आहे. तिथे एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था वेब सर्व्हरला आणि त्याखालील पीएचपीला डेटाबेसकडे नेटवर्कने जाण्याची मुळात परवानगी देत नाही. टर्मिनलमधून पीएसक्यूएल व्यवस्थित जोडते, त्याच मशीनवरील वेब ॲप्लिकेशन 'परमिशन डिनाइड' म्हणते, आणि पॅकेट मशीनबाहेर पडतच नसल्यामुळे टीसीपीडंप कोरा राहतो. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी हे बूलियन सेटसीबूल कमांडने पी पर्यायासह चालू केले, की तेवढीच परवानगी कायमची मिळते. त्यासाठी संपूर्ण एसईलिनक्स बंद करण्याची प्रथा आपल्याकडे फार रुळली आहे. ती सोडली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

रस्ता मोकळा झाल्यावर आपल्याला बहुधा पीजी_एचबीएचा नकार भेटेल, म्हणून त्याविषयी थोडे आधीच सांगून ठेवतो. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि कनेक्शनचा प्रकार, डेटाबेस, युजर व पत्ता यांना जुळणारी पहिली ओळ लागू होते. त्या ओळीने नकार दिला तर पुढची ओळ पाहिली जात नाही. म्हणून बरोबर ओळ फाइलच्या तळाशी लिहूनही काम न होणे अगदी शक्य आहे. 'नोंद नाही' या संदेशात सर्व्हरला दिसलेला पत्ता, युजर, डेटाबेस आणि कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे की नाही हे सगळे छापलेले असते. त्यातला पत्ताच खरा मानावा, कारण मध्ये पत्ता बदलणारे नॅट असेल, तर ॲप्लिकेशन सर्व्हरचा आपल्याला ठाऊक असलेला पत्ता पोस्टग्रेसला दिसतच नाही. या फाइलसाठी रीलोड पुरतो. मात्र फाइलमध्ये एक जरी ओळ चुकीची असली तरी रीलोडच्या वेळी सर्व्हर संपूर्ण नवी फाइल नाकारतो आणि जुन्या नियमांवर चालत राहतो. आवृत्ती १० पासून मिळणारा पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू चुकीची ओळ क्रमांकासह दाखवतो. सगळ्या पत्त्यांना 'ट्रस्ट' देणारी ओळ चाचणीपुरतीसुद्धा घालू नये. ती पासवर्डशिवाय प्रवेश देते, आणि चाचणी संपल्यावर काढायची राहून गेलेली अशी ओळ वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

नव्या मशीनवर पोस्टग्रेसची आवृत्तीही बदलली असेल, तर आणखी एक संदेश संभवतो. आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड मुळातच स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात, आणि फार जुने ड्रायव्हर 'ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही' असे म्हणून थांबतात. जावाचा ड्रायव्हर ४२.२.० किंवा त्यापुढचा घ्यावा. सर्व्हरला पुन्हा एमडी५ या जुन्या पद्धतीवर नेऊ नये.

आता कोल्हापूरचा अडकणारा अहवाल. कनेक्शन होते, लहान उत्तरे येतात, मोठे उत्तर मात्र अडकते, हे लक्षण पॅकेटच्या कमाल आकाराशी, म्हणजे एमटीयूशी, निगडित आहे, आणि ते इतके स्वच्छ आहे की दुसरे काही तपासण्याआधी मी हेच तपासेन. इथरनेटवर एमटीयू १५०० बाइट असते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला आपले वेष्टन जोडते, म्हणून बोगद्यातून जाणाऱ्या पॅकेटला जागा कमी उरते. वायरगार्डमध्ये ती मुळात १४२० असते. सर्व्हर १५०० चे पॅकेट पाठवतो, त्यावर 'तुकडे करू नका' अशी खूण असते, आणि व्हीपीएनच्या तोंडाशी असलेला राउटर 'पॅकेट मोठे आहे, लहान पाठवा' असे आयसीएमपी उत्तर सर्व्हरला देतो. कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी अडवलेले असेल, तर हे उत्तर सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लॉगिन, लहान क्वेरी आणि त्यांची उत्तरे छोट्या पॅकेटांत मावतात, म्हणून सगळे ठीक असल्याचा भास होतो. टीएलएस (कनेक्शनचे एन्क्रिप्शन) चालू असेल आणि सर्टिफिकेटची साखळी लांब असेल, तर हाच बिघाड लॉगिनच्या आधीच, हँडशेकमध्ये दिसतो आणि त्यामुळे ओळखायला अधिक अवघड होतो.

पडताळणी दोन बाजूंनी करावी. अहवाल अडकलेला असताना डेटाबेसवर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहावे. त्या सत्राची स्थिती 'ॲक्टिव्ह' आणि वेट_इव्हेंट 'क्लायंटराइट' असेल, तर क्वेरीचे काम झालेले किंवा चालू आहे आणि सर्व्हर क्लायंटने माहिती उचलण्याची वाट पाहत आहे. मग क्वेरी सुधारण्यात, इंडेक्स घालण्यात वेळ घालवू नये. (अहवालाचे सॉफ्टवेअर स्वतः संथ असले तरी हेच दिसते, म्हणून दुसरी चाचणीही आवश्यक आहे.) सर्व्हरवरून शाखेतील मशीनला तुकडे न करण्याच्या पर्यायासह पिंग द्यावा: लिनक्सवर आकार १४७२ द्यावा, कारण त्यात २८ बाइटची शीर्षके मिळून १५०० होतात. तो जात नाही आणि १३०० चा जातो, तर निदान पक्के झाले; आकार बदलत जाऊन नेमकी मर्यादाही काढता येते. टीसीपीडंपमध्ये तोच पूर्ण आकाराचा तुकडा वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा जाताना दिसेल.

योग्य उपाय व्हीपीएनच्या गेटवेवर आहे: टीसीपीच्या एमएसएसला (एका तुकड्यातील माहितीच्या कमाल आकाराला) मार्गाच्या एमटीयूनुसार मर्यादा घालणारा नियम लावावा, म्हणजे दोन्ही टोके सुरुवातीलाच लहान तुकड्यांवर सहमत होतात. त्याचबरोबर 'पॅकेट मोठे आहे' या प्रकारच्या आयसीएमपीला वाट द्यावी. ते अडवल्याने सुरक्षा वाढत नाही. गेटवे आपल्या ताब्यात नसेल, तर डेटाबेस सर्व्हरच्या कार्डाचे एमटीयू १४०० करून खात्री करून घेता येते, किंवा लिनक्सचे टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग १ वर ठेवता येते, ज्यामुळे कर्नल अशी कोंडी ओळखून स्वतःच लहान तुकडे पाठवू लागतो. पहिल्याचा भुर्दंड त्या कार्डावरील सगळ्याच वाहतुकीला पडतो, म्हणून ते कायम ठेवू नये.

तिसरा बिघाड सुट्टीनंतरचा. मधल्या प्रत्येक फायरवॉलला, नॅटला आणि लोड बॅलन्सरला चालू कनेक्शनांची यादी ठेवावी लागते, आणि बराच वेळ शांत असलेली नोंद ते काढून टाकतात. ॲमेझॉनचे नॅट गेटवे ३५० सेकंदांनंतर आणि ॲझ्युअरचे लोड बॅलन्सर मुळात ४ मिनिटांनंतर असे करते. कार्यालयातील फायरवॉलची मुदत तिच्या सेटिंगमध्ये पाहावी. नोंद निघून गेल्याचे दोन्ही टोकांना कोणी कळवतेच असे नाही. सुट्टीनंतर क्लायंट जुन्या कनेक्शनवर क्वेरी पाठवतो, फायरवॉल ती टाकून देते, क्लायंट पुन्हा पाठवत राहतो. क्लायंट लिनक्सवर असेल, तर टीसीपी_रीट्राइज२ च्या मूळ १५ या मूल्यानुसार हार मानायला त्याला १५ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो.

हे टाळण्यासाठी टीसीपीमध्ये कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का अशी अधूनमधून विचारणा) आहे, पण लिनक्सवर त्याची सुरुवात मुळात ७२०० सेकंदांनी होते आणि त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा होते. मेलेले कनेक्शन मेले आहे हे कळायला अशा रीतीने २ तास ११ मिनिटे लागतात, आणि तोवर फायरवॉलने नोंद केव्हाच काढलेली असते. डेटाबेसच्या बाजूने याचा परिणाम अधिक गंभीर आहे: ते सत्र एखाद्या ट्रान्झॅक्शनच्या मध्यात असेल, तर त्याने घेतलेली लॉक तेवढा वेळ तशीच राहतात आणि पुण्यातले काम कोल्हापूरच्या मेलेल्या कनेक्शनपायी अडते. म्हणून पोस्टग्रेसमध्ये टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल ६०, इंटर्व्हल १० आणि काउंट ६ ठेवावे. यासाठी रीस्टार्ट लागत नाही. ६० हा आकडा पवित्र नाही, तो वाटेतील सर्वांत लहान मुदतीपेक्षा बराच कमी असला म्हणजे झाले. क्लायंटच्या बाजूनेही लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये हीच मूल्ये देता येतात. जावाच्या ड्रायव्हरमध्ये टीसीपीकीपअलाइव्ह मुळात बंद असते, ते चालू करावे. आवृत्ती १२ पासून टीसीपी_यूजर_टाइमआउटही मिळते. ते ३० सेकंदांसारखे ठेवले, की क्वेरी मिनिटेच्या मिनिटे लटकत न राहता लवकर त्रुटी देते आणि सॉफ्टवेअरला नवे कनेक्शन घेता येते. अर्धवट ट्रान्झॅक्शनसाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावावे. तो मात्र विचारपूर्वक ठरवावा, कारण एखादे जुने ॲप्लिकेशन पडदा उघडा असेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे ठेवत असेल, तर त्याचे कनेक्शन कामाच्या मध्यात तुटेल.

अशाच प्रसंगी कनेक्शन पूल मेलेली कनेक्शने टाकून नवी उघडत जातो, जुनी सत्रे सर्व्हरवर जिवंत दिसत राहतात आणि एक दिवस 'टू मेनी क्लायंट्स' असा संदेश येतो. मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असते आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात. हा आकडा वाढवण्याआधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये कोणत्या पत्त्यावरून किती सत्रे कधीपासून निष्क्रिय आहेत ते मोजावे. मूळ दोष कीपअलाइव्ह नीट नसण्याचा असेल, तर आकडा वाढवून फक्त तो दिवस पुढे ढकलला जातो.

आपल्या दुसऱ्या विभागात मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरही आहेत असे आपण म्हटले आहे. तिथेही संदेश वाचण्याची रीत हीच, फक्त जागा वेगळ्या. मायएसक्यूएलमध्ये पोर्ट ३३०६ आणि सेटिंग बाइंड-ॲड्रेस; लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिले तर क्लायंट टीसीपी न वापरता युनिक्स सॉकेट वापरतो, म्हणून टीसीपीच्या चाचणीसाठी १२७.०.०.१ लिहावे. एकाच मशीनवरून अर्धवट तुटलेली कनेक्शने लागोपाठ मूळ मर्यादेइतकी, म्हणजे १००, झाली, तर सर्व्हर त्या मशीनलाच अडवतो आणि तसे स्पष्ट सांगतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ पोर्ट १४३३ असते, पण नाव दिलेली इन्स्टन्स मुळात बदलते पोर्ट वापरते आणि ते पोर्ट सांगणारी ब्राउझर सेवा यूडीपी १४३४ वर असते. मध्ये फायरवॉल असेल तर त्या इन्स्टन्सला निश्चित पोर्ट नेमून देणेच बरे.

आपण कामाला बसाल तेव्हा क्रम असा ठेवावा, असे मी सुचवेन. आधी डेटाबेस सर्व्हरवर एसएसचे उत्तर, मग ॲप्लिकेशन सर्व्हरवरून गेटएंट आणि पीजी_इझरेडी, आणि तेवढ्यावर न उलगडल्यास दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर संदेश शब्दशः, वेळेसह लिहून ठेवावा. संदेश बदलला, तर कनेक्शन अजून होत नसले तरी पॅकेट आधीपेक्षा पुढे गेले की मागे आले हे कळते. कोल्हापूरचे दोन्ही दोष पुण्याच्या दोषावर अवलंबून नाहीत, म्हणून एमएसएसचा नियम आणि कीपअलाइव्हची मूल्ये आजच लावता येतील. पुण्यातील टाइमआउटसाठी मात्र मला दोन्ही कार्डांचे पत्ते, डेटाबेस सर्व्हरचे राउटिंग टेबल आणि सिन कोणत्या कार्डावर दिसते ते पाठवावे. सिन दिसलेच नाही, तर मधल्या फायरवॉलच्या लॉगमधील त्याच वेळेची नोंद पाठवावी.